‘हिअर कम्स अ रेग्युलर’मधला ‘रेग्युलर’ मराठीत कसा आणावा?

रात्रपाळी : अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिसच्या ‘द रिप्लेसमेंट्स’ या बँडच्या १९८५ सालच्या ‘टिम’ अल्बममधले हे शेवटचे गाणे मराठीत आणण्याच्या खटपटीत मी आहे, पण शीर्षकापाशीच अडलो आहे. ‘नेहमीचे गिऱ्हाईक’ म्हटले की किराणा दुकान डोळ्यांपुढे येते, आणि ‘बेवडा’ म्हटले की तुच्छता येते, जी बँडचा गायक-गीतकार पॉल वेस्टरबर्गच्या शब्दांत कुठेही नाही. शिवाय निराशा बुडवायला पिणाऱ्याचे गाणे असूनही त्यात झिंग जवळजवळ दिसतच नाही. मग मूळ भाव कोणता धरावा?

जुनी_कॅसेट : माझ्या मते सगळे धृपदात आहे. बारमध्ये शिरणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारले जाते. दिवसभरात त्याला नावाने आलेली हाक बहुधा तेवढीच असावी. त्याच धृपदाच्या टोकाला मात्र तो विचारतो, की आज इथे मी एकटाच आहे काय. जिथे प्रत्येकाला आपण कोणी खास असावे असे वाटते, तिथे याला मिळालेली पदवी ‘रेग्युलर’, म्हणजे चारचौघांसारखा. मी ‘आला बघा आपला रोजचा’ असे करीन, कारण ‘रोजचा’ हा शब्द माणसालाही लागतो आणि कंटाळ्यालाही.

हिमवाट : मी मिनेसोटात चार हिवाळे काढले आहेत, म्हणून ऋतूंकडे लक्ष वेधतो. उन्हाळा सरला, आता गवत कापण्याची वेळ टळली आणि गोळा करण्याइतका पालापाचोळाही उरला नाही, हे तो आरंभीच सांगून टाकतो. शेवटी दिवे, मग वर केलेली कॉलर, मग वारा. आधी पेला, मग उडती पाने, मग बर्फ. कृपा करून याचा पावसाळा करू नका.

जुनी_कॅसेट : आणखी एक. हे गाणे गिटारवादक बॉब स्टिन्सनचा मृत्युलेख समजून ऐकण्याचा मोह होतो, पण त्याला बँडमधून काढले १९८६ मध्ये आणि तो गेला १९९५ मध्ये, वयाच्या ३५व्या वर्षी. झिंगून मंचावर उतरण्यासाठी हा बँड प्रसिद्धच होता; इथे मात्र सारा दंगा बाजूला ठेवून वेस्टरबर्ग अकूस्टिक गिटारवर गातो.

रात्रपाळी : ‘रोजचा’ घेतला. ‘होम’ आणि ‘हाउस’ यांतला फरक दाखवणारी ओळही त्यामुळे सुटली : ‘पूर्वी मी घरी राहायचो, आता घरात राहतो.’