मदत हवी: कच्च्या कैद्याची तीनपैकी दोन इंजेक्शनं बाकी आणि जामीन तोंडावर

जिल्हा विधी सेवेतर्फे पाहिलेली केस. कच्च्या कैद्याचा व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्तचाचणी) रिअ‍ॅक्टिव्ह, टायटर १:३२ (रक्तद्रव ३२ पट पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह). अंगावर चट्टा नाही, लागण कधीची ते कळत नाही, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी बेंझाथिन पेनिसिलिनची तीन इंजेक्शनं लिहिली. पहिलं सोमवारी झालं, सुनावणी शुक्रवारी. सुटला तर पुढची कुठे? बायको पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तो घरी सांगायला तयार नाही.

समुपदेशक:
सुनावणीआधीच कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून चिठ्ठी घ्या. आदेश संध्याकाळी आला तर माणूस गेटबाहेर आणि कागद आत, असं होतं. चिठ्ठीत चाचणीचं नाव, टायटर, तारीख, २४ लाख युनिट आणि ‘तीनपैकी पहिला डोस’ एवढं हवंच. गुन्ह्याचा उल्लेख नको. सोमवारी ती घेऊन सिव्हिलच्या सुरक्षा क्लिनिकला (गुप्तरोगांचा सरकारी दवाखाना) जा, औषध फुकट मिळतं.

गुप्तरोग ओपीडी:
दोन डोसांत ७ ते ९ दिवस बरे. १४ च्या पुढे गेलं तर पहिल्यापासून सुरुवात. एक डोस म्हणजे १२ लाखांच्या दोन कुप्या, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. औषध दाट असतं, कालवून ठेवलं तर सुईत अडकतं, म्हणून जाड सुई लागते आणि दुखतंही. पहिल्या डोसनंतर २४ तासांत ताप, थंडी, अंगदुखी होऊ शकते. ‘रिअ‍ॅक्शन आली’ म्हणून पुढचा डोस नाकारला जातो तो इथेच. त्याला आधीच सांगून ठेवा, पॅरासिटामॉल पुरतं. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर मात्र ती अ‍ॅलर्जी, लगेच दवाखाना.

समुपदेशक:
बायकोचं अजिबात लांबवू नका, बाळाला धोका आहे. गरोदरपणी सिफिलिस आणि एचआयव्हीची तपासणी सगळ्यांचीच करतात, त्यामुळे नवऱ्याचं नाव न काढता आशाताईंना कार्डावर नोंद आहे का ते बघायला सांगता येईल. मात्र जुना निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा नाही, आता पुन्हा तपासा. पॉझिटिव्ह निघाली तर तिला पेनिसिलिनच, डॉक्सीसायक्लिन चालत नाही, आणि तिच्या डोसांत ९ दिवसांहून जास्त खंड नको. दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध नकोत. त्याची एचआयव्ही तपासणीही करा, पण त्याच्या संमतीनेच. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात तसं स्पष्ट आहे.

प्रश्नकर्ता: बरा झाला हे कशावरून? टीपीएचए करू का?

गुप्तरोग ओपीडी:
नको, टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी रक्तचाचणी, ती बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. व्हीडीआरएलच करा, जमल्यास त्याच लॅबमध्ये, ६, १२ आणि २४ महिन्यांनी. १:३२ वरून १:८ किंवा खाली यायला हवं. आरपीआर या तशाच दुसऱ्या चाचणीच्या आकड्याशी तुलना करू नका.