मदत हवी आहे: लेक नीट जेवत नाही, सारखी चिडते

लेक १४ वर्षांची, नववीत. तीन-चार महिने झाले, जरा काही बोललं की रडते, सकाळी चहा-बिस्किटावर शाळेत जाते आणि डबा तसाच परत, परवा तर पोळीची घडीसुद्धा मोडली नव्हती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.४ (या वयात १२ तरी हवं) आणि बी१२ पण कमी, आम्ही शाकाहारी. डॉक्टर म्हणाले यानेही थकवा, चिडचिड होऊ शकते. गोळ्या चालू आहेत, जेवणाबरोबरचा चहा बंद केलाय कारण त्याने लोह अंगी लागत नाही, वरणावर लिंबू पिळून देते. पण ती खातच नाही हो! अळीव, नाचणी कशातून देता तुम्ही? आणि भूक नाही म्हणून उदास की उदास म्हणून भूक नाही, कसं ओळखायचं? समुपदेशकाकडे आत्ताच न्यावं का? प्लीज सांगा, कशात लक्ष लागत नाहीये माझं.