दोन जिवांची असताना नेमकं कशानं हायसं वाटलं?

धागा काढतेय तो धाकट्या बहिणीसाठी. चौथा महिना आहे, पहिलटकरीण, आणि तिच्या फोनवर रोज पपई, अननस, ग्रहण, जिना उतरताना कुठला पाय आधी, असले निरोप येऊन पडतात. काय करू नये हे भरपूर झालं. त्या नऊ महिन्यांत तुम्हाला कशानं बरं वाटलं आणि ते कुणी केलं, तेवढंच लिहा. औषधं एकमेकींना सुचवू नका, ती डॉक्टरांकडे.

माझं सांगते. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर कोरडे चुरमुरे. नवरा रात्रीच डबा उशाशी ठेवायचा. आणि उठल्यावर पंधरा मिनिटं माझ्याशी कुणी बोलायचं नाही!

डोंबिवलीकरीण:
माझं गर्भारपण सेंट्रल लाइनवर गेलं. पहिले तीन महिने सगळ्यात वाईट, कारण उलट्या जोरात आणि पोट दिसत नाही. जागा कुठल्या तोंडानं मागायची? आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंनी मात्र न सांगता ओळखलं. त्या कल्याणला चढायच्या, खिडकी धरायच्या आणि डोंबिवली आली की मला बसवून स्वतः उभ्या राहायच्या. हे रोज, महिनोन्‌महिने. त्यांचे गुडघे दुखायचे, हे मला नंतर कळलं.

दिव्यांगांच्या डब्यातून गर्भवतींना जाता येतं, हे मला सहाव्या महिन्यात समजलं. फाइल जवळ ठेवा, मला एकदा विचारलं होतं. आणि पर्समध्ये लिंबू. साल नखानं खरवडून हुंगायची, मग शेजारणीनं कसलाही डबा उघडू दे.

नाशिकचा बाबा:
पुरुषानं लिहिलेलं चालेल ना? बायकोला फोडणीचा वास सहन होईना. मोहरी तडतडली की ती बाथरूमकडे. आईचं म्हणणं, फोडणीशिवाय वरण कसलं. मग मी दोन महिने गॅलरीत इंडक्शन ठेवून फोडण्या दिल्या. समोरच्या बिल्डिंगला करमणूक.

गोळ्यांचा घोळ मात्र माझाच. विसरायला नको म्हणून लोहाची आणि कॅल्शियमची गोळी सकाळी एकदमच द्यायचो, वर चहा. हिमोग्लोबिन ९ च्या पुढे हलेना, हवं ११. शेवटी नर्सताईंनी विचारलं, "घेता कशा?" मी सांगितलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. तेव्हापासून कॅल्शियम जेवणाबरोबर, लोह रात्री लिंबूपाण्याबरोबर, आणि गजर माझ्या मोबाइलवर. लोहानं शौचाला काळी होते, त्याला घाबरून आम्ही आठवडाभर गुपचूप गोळी बंद केली होती. तसं करू नका, विचारा.

हो, रात्री पोटरीत वांब आला की पाय सरळ करून चवडा तिच्या दिशेनं दाबून धरायचा. बहुतेकदा सुटतो. मला झोपेतही जमायला लागलं होतं.

अबोली:
मला भाजकी माती खावीशी वाटायची. कपाटात पुडी लपवलेली. तपासणीत हिमोग्लोबिन ७.८ आलं तेव्हा रडत सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत, "रक्त कमी असलं की होतं कधी कधी" म्हणाल्या. मला त्या न हसण्यानंच अर्धं बरं वाटलं.

सातपुड्यातली आशा:
नंदुरबार जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे बाईला हायसं वाटतं ते दिवसाचं एक जेवण पोटभर मिळालं की. अमृत आहार योजना २०१५ ला आली, तेव्हापासून अंगणवाडीत गरम जेवण मिळतं. मला आधी वाटायचं, एवढं चालायला लावण्यापेक्षा डबा घरी द्यावा. पण घरी नेलेलं अंडं थोरल्या लेकराच्या पोटात जातं हो, आईच्या नाही. तिथंच बसून खाल्लं तर तिला लागतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते. बाई यायला तयार असते, पण पाणी कोण भरणार? म्हणून मी आदल्या संध्याकाळी सासूशी बोलून ठेवते. हंडा उचलू नको असं सांगणारे सगळे असतात, हंडा कोण आणणार ते कुणी बोलत नाही.

टेम्सकाठची:
इथे लंडनला 'बेबी ऑन बोर्ड' लिहिलेला बिल्ला फुकट मिळतो. कोटावर लावला की पोट दिसायची वाट बघायला नको. अर्थात लोकांनी फोनमधून मान वर केली तर! काकूंची सर बिल्ल्याला नाही. मिडवाइफनं एकदा नवऱ्याला बाहेर बसवून विचारलं, घरी सुरक्षित वाटतं ना? तेव्हा राग आला होता. पण इथे ते सगळ्यांनाच विचारतात, आणि मला आठवली ती माझ्या माहेरच्या वाड्यातली एक जण, जिला कधी कुणी विचारलं नाही.

मीठभाकर:
आठव्या महिन्यात हात नि तोंड सुजलं. घरातल्या बायका म्हणाल्या, होतंच. त्यात डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे. नणंदेनं ऐकलं नाही, रिक्षात घातलं. बीपी १६०/११०, लगेच दाखल केलं. ती तेव्हा बारावीत होती. माझ्या लेकीचं नाव तिनंच ठेवलंय, दुसऱ्या कुणाला ठेवू दिलंच नसतं मी.

जुनी खोड:
माझं पहिलं बाळंतपण १९७९ चं. चौदा माणसांचं घर, दुपारी सून आडवी झालेली दिसली तर दिवसभर चर्चा. सासूबाई जेवणं झाली की मोठ्यानं हाक मारायच्या, "वाती वळायला ये गं देवघरात." आत गेले की दार लोटून घ्यायच्या आणि सतरंजीकडे बोट दाखवायच्या. मी तासभर झोपायची. वाती त्या वळायच्या. नऊ महिन्यांत आमच्यात यावर एक शब्द झाला नाही.

धागाकर्ती:
आजी, हे मी बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती शनिवारी राहायला येतेय, सोबत तिच्या सासूबाईही आहेत. कापूस आणून ठेवलाय.