हरणटोळ पाळला तर बिघडतं काय?

बावड्याचा_पाऊस: परदेशात लोक हिरवे वेलसाप, सोनेरी उडते साप काचेच्या पेटीत ठेवतात. आपल्याकडे हरणटोळ, म्हणजे आपला हिरवा वेलसाप, घरात ठेवला की १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा येतो, नागाला लावतात तसाच. हरणटोळाचं विष सौम्य, विषदंत जबड्यात पार मागं. चावलाच तर थोडी सूज, थोडा बधिरपणा. घरोघरी हा साप दिसला तर ‘माणसाची टाळू फोडतो’ या खुळ्या समजुतीनं काठीनं ठेचणारे तरी कमी होतील. परवाना द्या, पेटीची मापं ठरवा, तपासणी करा. पण सरसकट बंदी का?

तांबडा_पांढरा: भावा, त्याला खायला काय घालणार? हलणारं भक्ष्य बघून शिकार करणारा साप हाय तो. सरडे, पाली, बेडूक, तेही जिवंत. मेलेला उंदीर चिमट्यात धरून हलवला तर घेईलच असं नाही. म्हणजे एक साप पाळायचा तर सरडे धरायला रोज कात्यायनीच्या डोंगरात हिंडायचं. आणि काच त्याला कळत नाही. आरपार दिसतंय म्हणून लांब नाक आपटत राहतो, घासत राहतो. नाक सोललं की जखम चिघळते, खाणं सुटतं. अजगर एका कोपऱ्यात पडून राहतो, ह्यो तसला न्हवं. याला फांद्या, ओल, आडोसा, उंची सगळं लागतंय. दोन खोल्यांच्या फ्लॅटात कुठनं आणणार?

घाटवाट: ‘सौम्य’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. कार्ल श्मिट हे शिकागोचे नावाजलेले सर्पतज्ज्ञ. १९५७ मध्ये त्यांना बूमस्लँग या आफ्रिकन सापाचं पिल्लू चावलं. एवढ्याशा पिलानं काय होतंय म्हणून ते दवाखान्यात गेले नाहीत, लक्षणं वहीत लिहीत बसले आणि दुसऱ्या दिवशी वारले. जर्मनीचे सर्पतज्ज्ञ रॉबर्ट मेर्टेन्स १९७५ मध्ये गेले, तेही पाळलेल्या सापाच्या चाव्यानं. तो आफ्रिकेतला काटकीसाप, दिसायला बराचसा आपल्या हरणटोळासारखा सडपातळ. दोन्ही साप मागच्या दातांचे, झाडावरचे.

बावड्याचा_पाऊस: आफ्रिकेतल्या सापांचं पाप हरणटोळाच्या माथी कशाला? हरणटोळानं माणूस मेल्याचं दाखवा, मग बोलू.

घाटवाट: हरणटोळानं माणूस मरतो असं मी म्हटलेलंच नाही. पण तुमची परवानगी ‘सौम्य विषारी झाडसाप’ या नावानं निघणार. मग त्या नावाखाली दुकानदार काय काय विकेल? ते ओळखणार कोण?

डबा_आणि_काठी: ओळखायचं निघालं म्हणून सांगतो, मी साप सोडवायच्या कॉलवर जातो. सौम्य विषाचा मांजऱ्या आणि जहाल विषारी फुरसं यांत भलेभले चकतात. मांजऱ्या समजून बरणीत घातलेलं फुरसं निघालं तर थेट कोल्हापूरचं सीपीआर हॉस्पिटल गाठावं लागतं. बरं, आपलं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीचं. बाहेरच्या झाडसापावर त्याचा उपयोग नाही. खुद्द हरणटोळाचंही २०२० च्या अभ्यासात एकाचे अनेक झाले. सह्याद्रीत वेगवेगळ्या जाती निघाल्या, काहींचा टापू अगदी लहान. तपासणीला येणारा कर्मचारी ते पेटीबाहेरून ओळखणार व्हय?

रंकाळा_चौपाटी: मी बावड्याच्या पावसाच्या बाजूनं. बॉल पायथन हा परदेशी अजगर विकत मिळतो, २०२४ च्या नियमांप्रमाणे नोंदणी केली की घरात चालतो. आफ्रिकेतला साप चालतो, आमच्या बांधावरचा नाही! गावच्या पोरानं गावचा साप जवळून बघायचा तरी कुठं?

तांबडा_पांढरा: बघायला कोण नको म्हणतंय? चंदगडच्या ढोलगरवाडीत शाळेनं सर्पोद्यान उभं केलं, पोरं तिथं साप शिकली. पावसाळ्यात राधानगरीच्या वाटेनं जा, झुडपात नजर बसली की दिसतोय. नागपंचमीसाठी गाजलेल्या शिराळ्यातही ‘आम्ही नागाला देव मानतो, जपतो’ असंच म्हणायचे. तरी जिवंत नागांचा खेळ उच्च न्यायालयाला थांबवावा लागला.

रंकाळा भाऊ, बॉल पायथनचा मुद्दा मात्र खरा, ती पळवाट मलाही खुपते. पण बॉल पायथन आपल्या रानात नाही, त्यामुळं त्याच्या मागणीनं इथलं रान लुटलं जात नाही. हरणटोळाला भाव आला की दुकान म्हणजे आंबा घाट. तारा कासवाचं बघा की. बंदी असून चोरटा व्यापार थांबत नाही, बंदी उठवल्यावर काय?

बावड्याचा_पाऊस: बरं, मग रानातला नको. फक्त घरात जन्मलेली पिल्लं पाळायला परवानगी द्या. त्यात कुणाचं रान लुटलं जातंय?

डबा_आणि_काठी: हरणटोळ अंडी घालत नाही, पिल्लंच देतो. गाभण मादी रानातनं उचलायची, पेटीत ठेवायची, चार दिवसांत पिल्लं बाहेर. झाली की ‘घरात जन्मलेली’! कागद एकदम पक्का, पण आई कुठली हे कोण विचारणार?

रंकाळा_चौपाटी: हे मात्र डोक्यात नव्हतं आलं. आईचीही नोंद सक्तीची केली तर?

डबा_आणि_काठी: आणि पहिली आई आणणार कुठनं?