गडद इरकलीवर गोधडीची नक्षी कशाने आखावी? (सोलापूर)

रिळवाली
नमस्कार मंडळी. आईच्या दोन इरकली आहेत, एक काळपट हिरवी, एक वांगी रंगाची. पदर केव्हाच विरलेत, पण अंग अजून धड आहे. भावाच्या मुलीसाठी त्यांची गोधडी शिवायला घेतलीय. आत एक जुनी मऊ सुती साडी, खालून पांढरं मलमल, माप साधारण ४५ बाय ६० इंच. शिवण हातानेच, धावदोरा. मधोमध आठ पाकळ्यांचं कमळ आणि चारी बाजूंनी सरळ ओळी, एवढीच नक्षी.

गाडी अडलीय ती आखण्यावर. मागच्या वर्षी फिक्या पॉपलिनवर पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने आखलं होतं. शिवून झाल्यावर फार चुरगळलेली दिसली म्हणून आधी इस्त्री फिरवली आणि मग धुतली. निळ्या रेघांच्या जागी तपकिरी रेघा आल्या, त्या आजही आहेत. पाकिटावर इस्त्री करू नका असं लिहिलं होतं, पाकीट मी नंतर वाचलं.

आता असं काहीतरी हवंय की काळपट हिरव्यावर दिसेल, महिना-दीड महिना टिकेल (रात्री जेवणं आटोपल्यावर तासभरच बसणं होतं) आणि शेवटी फार पाणी न लागता निघेल. कारण इरकल अजून रंग सोडते. शिवाय आमच्या जुळे सोलापुरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं. बादलीवर बादली ओतून खळबळणं जमणार नाही. नवी पेठ, टिळक चौक, चाटी गल्ली, कुठेही जायची तयारी आहे. काय आणू?

उगाच_एक
ताई, आधी पाण्याचा दिवस बघा, मग गोधडीचा मुहूर्त.

कटिंग_मास्तर
ताई, मी युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग करतो. आमचं सगळं आयुष्य खडूवर. खडू दोन जातींचा असतो. एक मातीचा, बोटाला भुकटी लागते, ब्रशने झटकला की जातो. दुसरा मेणाचा, गुळगुळीत, रेघ बघाल तर केसासारखी. पण इस्त्री लागली की मेण वितळून कापडात मुरतं आणि तेलकट डाग राहतो. आम्हाला तो चालतो, कारण आमची रेघ शिलाईच्या आत किंवा उलट्या बाजूला जाते. गोधडीत सगळं वरच. दुकानदार दोन्हींना टेलर चॉकच म्हणेल, त्याला विचारून उपयोग नाही. नखाने खरवडा. भुकटी पडली तर मातीचा, साल निघाली तर मेणाचा.

पांढराच घ्या. पिवळा-गुलाबी उठून दिसतो खरा, पण सुती कापडात त्याचा रंग कधी कधी बसतो तो बसतोच. आणि धार लावायला शिका. कात्रीच्या पात्याने दोन्ही अंगांनी खरवडायचा, नाहीतर रेघ दोऱ्यापेक्षा चौपट जाड होते आणि टाका रेघेच्या कुठल्या बाजूने घालायचा तेच कळत नाही. मातीच्या खडूची खोड एकच, मांडीवर घेऊन शिवलं की पुसत जातो. महिनाभर टिकणार नाही.

आणखी एक. ऑफिसचा कार्बन पेपर कुणी सुचवला तर ऐकू नका. तो निघत नाही. भरतकामाचा वेगळा कार्बन येतो, पांढरा, पिवळा, तो चालतो, पण कडक टेबलावर आणि थर जोडायच्या आधीच. एकदा तीन थर झाले की खाली मऊ होतं, कार्बन नीट उठत नाही.

हिंजवडीतला_सोलापूरकर
निळ्या पेनचं काय झालं ते सांगतो. ती शाई निव्वळ थंड पाण्याने जाते. उष्णता लागली किंवा आधीच साबणाचं पाणी लागलं की ती पक्की होऊ शकते. आणि वरवर फडका फिरवून गेल्यासारखी वाटली तरी आतल्या थरात उतरलेली असते, वाळताना पुन्हा वर येते. म्हणून पूर्ण बुडवावी लागते. तुमच्याकडे पाणी कमी, रंग सोडणारी इरकल, त्यात गडद कापड, निळी रेघ दिसणारही नाही. तो पेन तीन कारणांनी बाद.

जांभळा हवेने उडणारा पेन तर तुमच्या कामाचाच नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत रेघ जाते.

उष्णतेने जाणारा पेन सध्या सगळीकडे दिसतो. पायलट कंपनीची फ्रिक्शनची शाई मुळात कागदासाठी केलेली. साधारण ६० अंशांना ती बिनरंगी होते. गंमत अशी की ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते. उणे १० च्या खाली गेली की परत यायला लागते, उणे २० पर्यंत पुरती येते. टेलरिंगच्या दुकानात मिळणाऱ्या तसल्या रिफिलही याच तत्त्वावर चालतात. आमच्या घरी बायकोने अशाच एका रिफिलने उशीचे अभ्रे आखले आणि मे महिन्यात गाडीत मागच्या काचेखाली ठेवून आम्ही सोलापूरला निघालो. मोडनिंबला जेवायला थांबलो. गाडी उन्हात. परत येऊन बघतो तर चारही अभ्रे कोरे! घरी पोचल्यावर सासूबाईंच्या डीप फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले, सकाळी नक्षी हजर. सासूबाई अजून तो किस्सा सांगतात. फक्त गडद कापडावर या पेनाची एक फिकट भुरकट खूण मागे राहू शकते, ती कशानेच जात नाही. त्यामुळे इरकलीवर नकोच.

कौदी_अक्का
एवढी आखणी कशाला करताय कळेना. मी अक्कलकोटकडची, आमच्यात कानडीत कौदी म्हणतात. माझ्या आजीने आयुष्यात रेघ मारली नाही. काठापासून सुरुवात, पहिली ओळ काठाला धरून, दुसरी त्याच्यापासून बोटभर आत, तिसरी दुसरीपासून बोटभर, असं फिरत फिरत मधे यायचं. मागची ओळ हीच पुढच्या ओळीची आखणी. थोडं वाकडं गेलं तर जाऊ द्या, ते अंगावर घ्यायचं आहे, भिंतीवर लावायचं नाही.

रिळवाली
अक्का, ओळींचं पटलं, पण कमळाच्या आठ पाकळ्या बोटभर अंतराने कशा येणार? माझी सातवी पाकळी नेहमी जाडी होते.

कौदी_अक्का
मग उलट्या बाजूने शिवा की. धावदोरा दोन्हीकडे सारखाच दिसतो. खाली पांढरं मलमल आहे ना, त्याच्यावर आखा आणि तिकडूनच टाके घाला. मी एकदा अस्तराला जुनी सोलापुरी चादर लावली होती. तिचीच फुलं आणि चौकडे बघून मागून शिवत गेले. वरच्या साध्या कापडावर आपोआप नक्षी उठली. सुई मात्र फार दमवते, चादर जाड पडते. नवी चादर घेऊ नका या कामाला, दहा वर्षं धुतलेलीच घ्या.

कटिंग_मास्तर
युक्ती नामी आहे अक्का. पण मागून शिवताना सुई तिरकी गेली की समोरचा टाका बारीक-मोठा पडतो, आणि समोर इरकल आहे, नजर तिथेच जाणार. दुसरं म्हणजे मलमलावर आखलेलं पुसायला पुन्हा पाणी आलंच. आणि ताई, रंग सोडणारी इरकल पांढऱ्या मलमलाला जोडताय? पहिल्या धुण्यातच खालची बाजू हिरवी होईल. पांढरा रुमाल ओला करून इरकलीवर घासा. रंग उतरला तर शिवायच्या आधी पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा वेगळी धुऊन घ्या. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो म्हणतात, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

जुनी_पेठ
मास्तरांचं धुण्याचं ऐका. आखायचं मी सांगते, त्याला बाजारात जायला नको.

आंघोळीच्या साबणाची शेवटची चिपटी उरते ना, ती. पांढऱ्या साबणाची. ते क्रीमवाले, तेलवाले साबण घेऊ नका, तेलाचा पुसट डाग राहतो. चिपटी आठवडाभर खिडकीत खडखडीत वाळू द्या. सोलापूरच्या उन्हात चार दिवससुद्धा पुरे. मग कडेला चाकूने टोक काढा. गडद कापडावर खडूपेक्षा बारीक उठते, आणि खडूसारखी झडत नाही, चिकटून राहते. निघताना ओल्या फडक्याने निघते. साबणच तो.

दुसरं, रेघ मारूच नका. ठिपके द्या. आम्ही दारात ठिपक्यांची रांगोळी काढायला कागदाला उदबत्तीने भोकं पाडायचो, आठवतं का कुणाला? वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या, पट्टीने इंचावर खुणा, आणि पेटती उदबत्ती टेकवली की सुबक गोल भोक. तसाच कागद कमळासाठी करा. एकच पाकळी काढा, तिच्या कडेने बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर भोकं पाडा. कागद कापडावर ठेवून भोकातून साबणाचं टोक टेकवा. मग कागद फिरवून पुढची पाकळी. एकाच पाकळीचा साचा आठ वेळा फिरला की सातवी जाडी होत नाही. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत हात आपोआप वळतो. पुसायलाही किती? आठ-दहा ठिपके.

भरतकामवाले सुईने टोचून खाका करतात, ती भोकं साबणाच्या टोकाला पुरत नाहीत. त्याला भुकटीची पुरचुंडी लागते. पूर्वी खाक्यावरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ, नाहीतर पांढरी झिंक पावडर फडक्याने फिरवत. लहान मुलाच्या अंगावर घालायच्या गोधडीला ते नको. वासच जात नाही.

आणि महिनाभर टिकायला हवं कशाला? आज रात्री जेवढं शिवणार तेवढंच आखायचं. सगळी गोधडी आधी आखून ठेवायची ही मशीनवाल्यांची सवय. हाताने शिवणाऱ्याने एका बैठकीपुरतं आखावं.

उगाच_एक
काकू, चंदनाची उदबत्ती की मोगऱ्याची?

जुनी_पेठ
तुम्हाला जी विझवता येईल ती. कागदाजवळ पाण्याचा तांब्या ठेवा म्हणजे झालं.

हिंजवडीतला_सोलापूरकर
काकूंनी बाजी मारली. मी फक्त एक भर घालतो. जपानमध्ये हेरा नावाचं एक बोथट हत्यार वापरतात. रंग नाही, शाई नाही, कापडावर दाबून ओढलं की घडीसारखी रेघ उमटते. पुसायचा प्रश्नच नाही. गडद, एकरंगी सुती कापडावर उत्तम, फक्त दिवा बाजूने हवा. वर डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर काही दिसत नाही, टेबललॅम्प डावीकडे ठेवा. ऑनलाइन मिळतं, पण आमच्या घरी करंजीचं कातणं वापरतात. प्लॅस्टिकचं घ्या, पितळी धारदार असतं. पट्टी लावून कातणं फिरवलं की नागमोडी खूण उमटते. सरळ ओळींना झकास.

मास्किंग टेपही सरळ ओळींना चालते, पाव इंची पट्टी चिकटवून कडेने शिवायचं. पण उन्हाळ्यात रात्रभर चिकटवून ठेवू नका, गोंद कापडावर उतरतो.

रिळवाली
सगळ्यांचे आभार. इरकल तीनदा वेगळी धुतली. पहिलं पाणी वांग्याच्या रश्शासारखं, तिसरं जवळजवळ नितळ. मग दोन्ही इरकलींच्या कडेच्या चिंध्या काढून सगळं करून बघितलं.

मातीचा खडू: दिसतो छान, दुसऱ्या रात्रीपर्यंत निम्मा गायब, उरलेला माझ्या गाऊनवर.

करंजीचं कातणं: हिरव्यावर सुरेख. वांग्या इरकलीत बारीक रेघा विणलेल्या आहेत, त्यात खूण हरवते. टेबललॅम्प डावीकडे ठेवल्यावर हिरव्यावर तर नुसती चांदीची रेघ!

साबण: जिंकला. उदबत्तीच्या कागदाने एक पाकळी दिली, चार दिवस मुद्दाम शिवली नाही, ठिपके जागेवर. ओल्या रुमालाने पुसले, रुमालाला रंग नाही, कापडावर डाग नाही. एकच ठिपका हट्टी निघाला, तिथे मी चिपटी जास्तच रगडली होती.

आता ठरलं असं. कमळ साबणाने समोरून. हिरव्या पट्ट्यावरच्या ओळी कातण्याने. वांग्या पट्ट्यावर अक्कांच्या आजीची पद्धत, मागची ओळ बघून बोटभर आत. मलमलाला हात लावत नाही.

कौदी_अक्का
बोट कुणाचं धरणार? आजीचं बोट माझ्यापेक्षा जाड होतं, तिच्या कौदीत ओळी कमी भरायच्या.

कटिंग_मास्तर
ताई, थर जोडताना मधून बाहेर मोठे कच्चे टाके घालून घ्या, तळहाताएवढ्या अंतरावर. साबणाचे ठिपके त्यानंतर. आधी ठिपके देऊन मग कापड ताणलंत तर पाकळी तिरकी होईल.

रिळवाली
मास्तर, कच्चे टाके झाले. काल तीन पाकळ्या शिवून झाल्या, तिन्ही सारख्या.

उगाच_एक
आणि नळ?

रिळवाली
आज पहाटे आला. पिंप भरून ठेवलंय, पण गोधडीला अजून पाच पाकळ्या बाकी आहेत.