हेराचा शोध तुम्हाला कुठे सापडला? इंदूरकरांनो, लिहा

परवा खजूरी बाजारात लेकासाठी अकरावीचं गाइड बघायला गेले होते. जुन्या पुस्तकांचा ढीग उपसताना अगदी तळातून आयझॅक आसिमोव्हची विज्ञानकादंबरी 'सेकंड फाउंडेशन' निघाली. कव्हर गायब. दुकानदार म्हणाला, "ये तो तीसरा पार्ट है मैडम. पहला आएगा तो फोन कर दूँगा." मी म्हटलं, भिया, मीही तीस वर्षांपूर्वी आधी तिसराच वाचला होता. आपल्या गावात पुस्तकं क्रमानं मिळतात कुठे? जे हाती लागेल ते वाचायचं.

घरी येऊन एका बैठकीत पहिला अर्धा भाग संपवला, आणि वाटलं की हा धागा काढावाच.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी. म्यूल नावाचा एक विचित्र माणूस आहे. समोरच्याच्या भावना त्याला हव्या तशा वळवता येतात, आणि या एका जोरावर त्यानं आकाशगंगेचा मोठा तुकडा गिळलाय. भीती एकाच गोष्टीची: गणितानं भविष्य मांडणाऱ्या हॅरी सेल्डननं स्थापलेल्या दोन संस्थांपैकी कुठेतरी लपवून ठेवलेली दुसरी, म्हणजे दुसरं फाउंडेशन. ते हुडकायला तो दोघांना धाडतो. एक हान प्रिचर, पूर्वी म्यूलच्याच शत्रूकडचा गुप्तहेर, आता मन वळवून एकनिष्ठ केलेला. दुसरा बेल चॅनिस, तरणाबांड, मन न वळवलेला. ही गोष्ट मुळात जानेवारी १९४८ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात आली. तेव्हा इंदूर अजून होळकरांचं होतं, मध्य भारत झाला तो मे महिन्यात. पुस्तक निघालं १९५३ साली.

मुख्य मालिका हजार वर्षांच्या इतिहासाची. त्यातून एका थकलेल्या हेराला उचलून त्याच्यामागे चालत राहायचं, ही मला तरी मोठ्या झाडाला फुटलेली वेगळी फांदी वाटते. कुणाला पटणार नाही, भांडा खुशाल. तर सांगा: हा शोध, किंवा पुढे इतरांनी लिहिलेले त्याचे भाऊबंद, तुमच्या हाती कसे आले? वाचताना काय झालं? रहस्य फोडायला हरकत नाही. पंचाहत्तर वर्षं उलटली, आता काय झाकायचं!

कालाकुंडचा प्रवासी

ताई, माझं रहस्य गाडीत फुटलं. १९८७ ची गोष्ट. खंडव्याहून मामाबरोबर मीटर गेजनं इंदूरला परतत होतो. हे पुस्तक मामाचंच, आणि मी पहिल्या अर्ध्या भागात. कालाकुंडला गाडी बराच वेळ थांबायची, घाट चढायला मागून आणखी एक इंजिन लागायचं. तोवर सगळा डबा खाली उतरून कलाकंद घ्यायचा, पळसाच्या पानावर. मीही उतरलो. परत आलो तर समोरच्या बाकावरचे टोपीवाले आजोबा माझं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले, आणि उघडलेलं पान शेवटचं!

बोट चाटून पान उलटत म्हणाले, "बाळ, ते ट्रँटरवर आहे हो."

माझ्या हातातला कलाकंद तसाच राहिला. मामा हसून हसून बेजार. पण खरी गंमत पुढे. मी पहिला भाग वाचलाच नव्हता, त्यामुळे ट्रँटर म्हणजे कोण, काय, कुठे, मला पत्ता नाही! आजोबांनी रहस्य फोडलं खरं, पण माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. पातालपाणी आलं तेव्हा मी पुन्हा प्रिचरच्या मागे निघालो होतो, अगदी निर्धास्त.

दोन वर्षांनी पहिला भाग मिळाला. त्यात गाल डॉर्निक नावाचा तरुण गणिती पहिल्यांदा राजधानी बघायला येतो. सगळा ग्रह पोलादानं झाकलेला, एक अख्खं शहरच. त्या ग्रहाचं नाव वाचलं आणि मी खाटेवर उठून बसलो. टोपीवाले आजोबा तेव्हा कुठे मला कळले.

रामबागेतली नात

आमच्या आजोबांना इंग्रजी पुस्तकांचं वावडं. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं. मी वाचत बसले की विचारायचे, "आज कोणता राक्षस?" एकदा म्हटलं, "म्यूल." "म्हणजे?" "खेचर, आजोबा."

त्यांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की तास सुरू झाला असं समजायचं. "खे म्हणजे आकाशात. चर म्हणजे फिरणारा. ग्रह खेचर, पक्षी खेचर. नामदेवांच्या गुरूंचं नाव काय? विसोबा खेचर." मी म्हटलं, अहो, हा खेचर म्हणजे गाढव-घोड्याचा. त्याला मूल होणार नाही, म्हणून त्यानं स्वतःच हे नाव घेतलंय, आणि राज्य त्याच्याबरोबरच संपणार. त्यावर म्हणाले, "मग ताऱ्यांमधून हिंडतोय ना तो? झालं तर. दोन्ही अर्थ लागले."

आसिमोव्हला हे कुणी कळवायला हवं होतं. आजोबांनी पुस्तक कधी हातात घेतलं नाही, पण रोज संध्याकाळी विचारायचे, "खेचराला सापडलं का?"

रात्रपाळी

मी इथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून निवृत्त झालो. इंडस-२ २००५ मध्ये सुरू झाली तेव्हा कंट्रोल रूमच्या रात्रपाळ्या केल्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १७२ मीटर घेराची रिंग, त्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेऊन फिरवत ठेवायचे आणि वळणावर ते जो प्रकाश सोडतात तो प्रयोगांना पुरवायचा. सगळं सुरळीत असलं की पहाटे दोन ते चार पडद्यावरच्या रेषा बघत बसणं, एवढंच काम. हे पुस्तक मी निवृत्तीनंतर वाचलं, पण वाचताना त्याच खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं.

सगळे प्रिचरबद्दल लिहितील. मला पकडून ठेवलं चॅनिसनं. तो दुसऱ्या फाउंडेशनचाच हेर निघतो, इथवर कुणालाही अंदाज येतो. पण पुढची पायरी बघा. म्यूलसमोर खोटं बोलणं अशक्य, तो शब्द ऐकतच नाही, भावना वाचतो. मग अशा माणसाकडे हेर पाठवायचा कसा? त्याला खोटं शिकवून उपयोग नाही. तर चॅनिसच्या स्वतःच्या लोकांनी त्याच्या मनात आधीच चुकीचा पत्ता खरा म्हणून बसवलाय, त्याच्याच संमतीनं. रोसेम नावाचा बर्फाळ, दरिद्री ग्रह हेच आपलं ठाणं, असं तो मनापासून मानतो. म्यूल त्याचं मन पिळून काढतो तेव्हा जे बाहेर येतं ते चॅनिसच्या लेखी शंभर टक्के खरं असतं. आणि चूक असतं.

आमच्याकडे रिंगभर बीम पोझिशन मॉनिटर असतात. किरण मध्यावरून किती सरकला ते सांगणारे. एखाद्याचा शून्यच सरकलेला असला तर तो बिचारा इमानदारीनं चुकीचा आकडा देतो. त्याला दटावून, पुन्हा पुन्हा विचारून काही होत नाही, उत्तर तेच. तुम्ही त्या आकड्यावर विसंबून चुंबकाचा प्रवाह बदलता आणि धडधाकट बीम वाकडा करून ठेवता. एका रात्री आम्ही तीन तास हेच करत होतो. शेजारच्या मॉनिटरचे आकडे ताडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. म्यूलची पंचाईत ही की त्याच्याकडे शेजारचा मॉनिटर नव्हता. सगळ्यांची मनं त्यानंच वळवलेली, त्याला वेगळं सांगणार कोण?

बाकी हेरकथांमध्ये हेर तोंड मिटून मार खातो. इथे तो सगळं सांगून टाकतो आणि तरी फितूर होत नाही. ही युक्ती मी दुसरीकडे वाचलेली नाही. कुणी वाचली असेल तर नाव कळवा.

सराफ्यातला उंदीर

काका जबरदस्त! मी तर इतकं खोल वाचलंच नाय. मला कॉलेजात सीनियरनं दिलं, रात्री सराफ्यात गराडू खाता खाता उघडलं, चाळीसाव्या पानावर जीरावन मसाला सांडला. अजून त्या पानाला वास आहे. रोसेमवर शेतकरी थंडीत कुडकुडत असतात आणि आपल्या नाकात जीरावन. पुस्तक परत द्यायचं होतं. नाही दिलं.

सुदामा नगरची आत्या

प्रिचर, चॅनिस ठीक आहेत, पण पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग कुणी वाचला की नाही? त्यातला शोध आर्केडी करते, वय वर्षं चौदा! मीही तेव्हा चौदाची. आमच्याकडे दिवेलागणीनंतर मुलींनी गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं नाही, आणि ही पोरगी वडिलांची गुप्त बैठक चोरून ऐकते, त्यांच्या साथीदाराच्या, होमिर मनच्या यानात लपून बसते आणि थेट कॅलगन ग्रहावर पोचते. मी ते पुस्तक उशीच्या अभ्र्यात ठेवायचे. काही वावगं नव्हतं त्यात, पण आईनं कल्पना घेतली असती.

तिचा शाळेचा निबंध आठवतो? ती बोलते आणि यंत्र सुवाच्य अक्षरात लिहून काढतं. मध्येच कुणी आलं तर तेही त्यात उतरतं. १९४९ मध्ये लिहिलंय हे! मी आत्ता हा मजकूर फोनला सांगून लिहिते आहे. त्यानं 'आर्केडी'चं तीनदा 'अरे काढी' केलं, आणि भाचीनं चहा विचारला तोही मजकुरात घुसवला. पुसून टाकला.

तिचं उत्तर मात्र मला अजून डोळ्यांत पाणी आणतं. सेल्डन म्हणाला होता, दुसरं फाउंडेशन आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाला. ती निरोप धाडते: वर्तुळाला टोक नसतं. म्हणजे शोध जिथून निघाला तिथेच, पहिल्या फाउंडेशनच्या टर्मिनस ग्रहावर. सगळे मान डोलावतात, माणसं धरतात, प्रकरण मिटतं. आणि मग कळतं की हे उत्तरही तिच्या मनात दुसऱ्याच कुणी लहानपणीच पेरलेलं. मला रागच आला. चौदा वर्षांच्या मुलीनं अक्कल चालवली तर तीही तिची नाही म्हणे! रात्रपाळीवाले, तुमचा मॉनिटर इथेही बसतो, पण चॅनिसला विचारलं तरी होतं. हिला कोणी विचारलं?

रात्रपाळी

आत्याबाई, मान्य. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दिवाळी अंकवाला

मी वेगळ्या बाजूनं आलो. आमच्या घरी 'धनंजय' आणि 'नवल'चे दिवाळी अंक, आणि गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप. हेर म्हटला की मोटारसायकल, पिस्तूल, पन्नास पानांत निकाल. प्रिचर पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, हा मारतो कधी? पूर्ण वेळ नुसता संशय घेतो. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा जाणवलं की त्याला स्वतःचाच संशय घेता येत नाही. आपलं मन वळवलंय हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि त्याचं दुःख मात्र होत नाही. दुःख होण्याची सोयच काढून घेतलेली. हे कॅप्टन दीपला झेपलं नसतं.

(हेर आणि विज्ञानकथा म्हटल्यावर एक आठवलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज.वि.ना. उलटं करून ना.वि.ज. परीक्षकांना पत्ता नाही, पहिलं बक्षीस दिलं. यापेक्षा चांगलं वेषांतर दाखवा!)

फांद्या मोजणारी

धाग्यात भाऊबंदांचंही विचारलंय, ते कुणी लिहिलं नाही. आसिमोव्ह १९९२ मध्ये गेले. १९९७ ते ९९ मध्ये बेनफर्ड, बेअर आणि ब्रिन यांनी एकेक कादंबरी लिहिली. तिन्ही मी वाचल्या आहेत, एक तर बदलीच्या सामानात भोपाळला जाऊन परत आलेली. बेअरच्या कादंबरीत लोडोव्हिक नावाचा माणसासारखा दिसणारा यंत्रमानव आहे, छुप्या कामावरचा. अवकाशात एका स्फोटाच्या तडाख्यात सापडतो आणि आसिमोव्हच्या यंत्रमानवांना बांधून ठेवणाऱ्या तीन नियमांची त्याच्या मेंदूतली सक्तीच सुटते. आता तो मोकळा आहे, आणि मोकळं होऊन करायचं काय हे त्याला कळत नाही. प्रिचरच्या नेमकं उलट. तेवढी पानं सोनं आहेत.

बाकी खरं सांगू? मूळ लेखकानं मुद्दाम उघड्या ठेवलेल्या खिडक्या एकेक करून विटांनी बुजवल्यासारखं वाटतं. बेनफर्डनं तर जोन ऑफ आर्क आणि व्हॉल्टेअर यांच्या संगणकी प्रतिमा आणल्यात, त्या भांडत बसतात आणि सेल्डन बाजूला राहतो. पाहुणे यजमानाच्या ताटात जेवून गेले.

धागाकर्ती

सगळं वाचतेय, एकेकाला उत्तर द्यायला सवड काढते. फांद्या मोजणारी, लोडोव्हिकचं पुस्तक उसनं मिळेल का? सराफ्यातल्या उंदराला देऊ नका.

ता.क. आज दुपारी खजूरीतून फोन आला. "मैडम, फाउंडेशन का पहला पार्ट आ गया, जल्दी आओ, कॉलेज के लड़के भी पूछ रहे हैं." ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून गेले. दोरीनं बांधलेलं जाडजूड पुस्तक त्यानं समोर ठेवलं. 'फाउंडेशन इंजिनिअरिंग'. पाइल, राफ्ट, काळ्या मातीची धारणक्षमता. मी हसले तर तो बुचकळ्यात. म्हणाला, "पार्ट वन ही है ना?"

ऐंशी सांगत होता. साठला घेतलं.