जपानची अण्वस्त्रांबाबतची अधिकृत भूमिका पुराव्यानिशी कशी शोधावी?

निहारिका_पुणे

नमस्कार. मी राज्यशास्त्राच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. आमच्या महाविद्यालयात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या समितीचे, म्हणजे निःशस्त्रीकरण आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा हे विषय हाताळणाऱ्या समितीचे, अभिरूप अधिवेशन भरणार असून माझ्या वाट्याला जपान आला आहे. चर्चेचा विषय अण्वस्त्रबंदी हा आहे. अण्वस्त्रे नष्ट करण्याचा ठराव जपान आमसभेत दरवर्षी मांडतो, असे एका लेखात वाचले. अण्वस्त्रबंदी कराराच्या वाटाघाटींवर २०१७ मध्ये जपानने बहिष्कार घातला, असे दुसऱ्यात आढळले. यांपैकी जपानची खरी भूमिका कोणती मानावी? वृत्तपत्रांतील लेखांच्या पलीकडे जाऊन ती कुठे शोधावी, आणि जपानी भाषा येत नसल्याने काम अडेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दप्तरी

दोन्ही भूमिका खऱ्या आहेत आणि त्यांच्यातील सांधा शोधणे हेच आपले काम आहे. सुरुवात भाषणांपासून न करता मतदानापासून करावी, असे मी सुचवीन, कारण भाषणात प्रत्येक देश शांततेचा पुरस्कर्ता असतो. मत देताना मात्र त्याला कोणाला तरी नाराज करावे लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल लायब्ररीत मतदानाच्या नोंदींचा स्वतंत्र विभाग आहे. तेथे ए/आरईएस/७१/२५८ हा ठराव काढा. अण्वस्त्रांवर बंदी घालणाऱ्या कराराच्या वाटाघाटी सुरू कराव्यात, असे सांगणारा हा ठराव २३ डिसेंबर २०१६ रोजी ११३ विरुद्ध ३५ मतांनी संमत झाला आणि १३ देश तटस्थ राहिले. जपानचे मत विरोधात आहे. भारत, पाकिस्तान आणि चीन तटस्थांच्या यादीत आहेत. ठराव प्रथम पहिल्या समितीत आला तेव्हा त्याचा क्रमांक ए/सी.१/७१/एल.४१ असा होता. तेथे १२३ मते बाजूने, ३८ विरोधात पडली आणि १६ देश तटस्थ होते. समितीतील आणि आमसभेतील आकडे असे वेगळे असतात, म्हणून आकडा देताना तो कोठला हे अवश्य लिहावे. त्याचप्रमाणे तटस्थ राहणे आणि मतदानालाच हजर नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यार्थ्यांच्या टिपणांत त्यांची सरमिसळ फार होते.

मत कळल्यावर त्यामागचे कारण शोधायचे. मतदानाच्या आधी किंवा नंतर देशाचा प्रतिनिधी जे स्पष्टीकरण देतो, ते बैठकीच्या इतिवृत्तात असते. आमसभेच्या प्रमुख समित्यांपैकी पहिल्या समितीचेच इतिवृत्त शब्दशः प्रसिद्ध होते. इतर समित्यांचा केवळ सारांश मिळतो. क्रमांकात ‘पीव्ही’ असेल तर शब्दशः आणि ‘एसआर’ असेल तर सारांश, एवढे लक्षात ठेवावे. या बाबतीत आपण नशीबवान आहात. अण्वस्त्रधारी देशांना वगळून पुढे गेल्यास त्यांच्यातील आणि अण्वस्त्रे नसलेल्या देशांमधील दरी रुंदावेल, हा जपानचा युक्तिवाद होता. इतिवृत्ते बऱ्याच उशिरा येतात. ताज्या वर्षाची भाषणे हवी असल्यास ‘रीचिंग क्रिटिकल विल’ या निःशस्त्रीकरणवादी प्रकल्पाच्या संकेतस्थळावर ती संकलित केलेली असतात. संकलन उपयुक्त आहे, पण सोबतचे भाष्य एका बाजूचे आहे, याचे भान ठेवावे.

‘बहिष्कार’ या शब्दाबद्दलही सावध राहा. २७ मार्च २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वाटाघाटी सुरू झाल्या तेव्हा अमेरिकेच्या राजदूत निक्की हेली इतर काही देशांच्या प्रतिनिधींना घेऊन सभागृहाबाहेर निषेध नोंदवीत होत्या. जपानचे राजदूत मात्र आत गेले, त्यांनी भाषण केले, सद्यःस्थितीत रचनात्मक सहभाग घेणे कठीण असल्याचे सांगितले आणि त्यानंतर जपानची खुर्ची रिकामी राहिली. आत जाऊन नकार देणे आणि बाहेर उभे राहणे यांतला हा फरक पुसून टाकला, तर आपला जपान अमेरिकेसारखा बोलू लागेल.

सांगलीकर_७८

वरील प्रतिसादाला जोडून केवळ एक सूचना करतो. आंतरजालावर तयार मिळणारी भूमिकापत्रे आणि संभाषक यंत्रांनी लिहून दिलेले मजकूर यांत ठरावांचे क्रमांक अगदी खरे वाटावेत असे दिलेले असतात, परंतु त्या क्रमांकाखाली उघडून पाहिले तर कधी कधी भलताच ठराव निघतो. जो दस्तऐवज स्वतः उघडून पाहिलेला नाही, त्याचा क्रमांक टिपणात लिहू नये.

तोक्योतील_मराठी

भाषेची अडचण आपण समजता तेवढी नाही. जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाचे ‘डिप्लोमॅटिक ब्लूबुक’ दरवर्षी निघते आणि त्याची इंग्रजी आवृत्ती मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असते. डिसेंबर २०२२ मधील राष्ट्रीय सुरक्षा धोरणही इंग्रजीत आहे. अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्राखाली राहण्याविषयी हे दस्तऐवज आडपडदा न ठेवता बोलतात. निःशस्त्रीकरणाच्या भाषणांत हाच मुद्दा दबक्या आवाजात येतो. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावे.

देश म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे देश, असे धरून चालू नये, हे हिरोशिमाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही. दरवर्षी ६ ऑगस्टच्या स्मृतिसमारंभात आधी महापौर शांततेचे घोषणापत्र वाचतात आणि नंतर पंतप्रधान बोलतात. २०१७ मध्ये करार संमत होऊन महिनाही झाला नव्हता. महापौरांनी त्याचा उल्लेख केला, तर पंतप्रधान शिंझो आबे यांनी आपल्या भाषणात करार हा विषयच काढला नाही. दोन्ही मजकूर इंग्रजीत उपलब्ध आहेत आणि मिळून चार पानांचेही नाहीत. अणुबाँबमधून वाचलेल्यांची संघटना ‘निहोन हिदानक्यो’ हिला २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. तिची भूमिका सरकारने करारात सामील व्हावे अशी आहे. समितीत आपण सरकारचे प्रतिनिधित्व करणार असल्याने ही मते आपली म्हणून मांडता येणार नाहीत, परंतु समोरचा प्रतिनिधी ती आपल्यावर फेकणार, हे गृहीत धरा.

मंत्रालयाच्या पानांवर अण्वस्त्रविषयक तीन तत्त्वेही सापडतील: बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात येऊ देणार नाही. ती पंतप्रधान एइसाकु सातो यांनी १९६७ मध्ये संसदेत मांडली. तिसऱ्या तत्त्वाला अमेरिकी जहाजांबाबतच्या गुप्त समझोत्यांनी छेद दिला होता, हे जपान सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मान्य केले. मंत्रालयाच्या परिचयपर पानावर थांबणाऱ्याला हे कळत नाही.

निहारिका_पुणे

आपणा सर्वांची मी आभारी आहे. एक उपप्रश्न आहे. आमच्या समितीत भारताची प्रतिनिधी असलेली मैत्रीण भारत-जपान अणुकराराचा मुद्दा काढणार, असे दिसते. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी जपानने अणुकरार कसा केला, याचे उत्तर कोठे मिळेल?

दप्तरी

भारतासोबतचा नागरी अणुकरार ११ नोव्हेंबर २०१६ रोजी तोक्यो येथे झाला आणि २० जुलै २०१७ रोजी अमलात आला. त्यासोबत दोन्ही बाजूंच्या समजुतींची नोंद करणारे एक वेगळे टिपण आहे. भारताने ५ सप्टेंबर २००८ रोजी जाहीर केलेल्या, अणुचाचण्यांवरील स्वेच्छेच्या स्थगितीचा समावेश असलेल्या निवेदनाला धक्का लागल्यास सहकार्य थांबवता येईल, असे जपानचे म्हणणे त्यात आहे. करार आणि टिपण दोन्ही वाचा. भारताची बाजू आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि लोकसभा-राज्यसभेतील प्रश्नोत्तरांत मिळते. प्रश्नोत्तरांचा हा साठा विद्यार्थी सहसा चाळत नाहीत, पण मंत्र्यांचे लेखी उत्तर हे अधिकृत भूमिकेचे भक्कम साधन आहे.

उरलेला वेळ जपानच्या स्वतःच्या वार्षिक ठरावावर घालवा. पहिल्या समितीत २०१६ मध्ये त्याला १६७ मते मिळाली होती, ती २०१७ मध्ये १४४ झाली आणि तटस्थांची संख्या १७ वरून २७ वर गेली. विरोधात दोन्ही वर्षी चारच मते आहेत. दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून परिच्छेदामागून परिच्छेद ताडून पाहा. निःशस्त्रीकरणाच्या बांधिलकीची भाषा सौम्य झाली, अशी तक्रार करीत कोणते देश बाजूला झाले, हे त्यांच्या स्पष्टीकरणांतून कळेल. समितीत आपल्याला मते मागायची आहेत ती बहुधा त्यांच्याकडेच.